विषबाधेच्या वॉर्डातून मानसोपचाराकडे

(वाचकांचे प्रश्न. या सदरात विदर्भातल्या मानसोपचार आणि व्यसनमुक्ती विभागांत दीर्घकाळ काम केलेल्या एक परिसेविका उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंगची पदविका केलेली आहे, ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून काम करते. खरिपाची फवारणी सुरू झाली की आमच्याकडे औषध प्यायलेले पेशंट येतात आणि दारूचे तर बाराही महिने. विष उतरतं, सुट्टी होते आणि त्यातलाच एखादा काही महिन्यांनी पुन्हा त्याच खाटेवर येतो. पोळ्यानंतर आलेला एक शेतकरी सुट्टीच्या दिवशी मला म्हणाला, "वाचवलं तुमी मले सिस्टर, पण आता घरी जाऊन करू काय मी?" मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून मनात आहे की मानसिक आरोग्याचं शिक्षण घ्यावं. वय ३४, दोन मुलं शाळेत. घरचे म्हणतात, पागलखान्यात नोकरी करणार का? सोबतच्या सिस्टर म्हणतात, तिकडे गेलीस की आयव्ही, शिरेतून सलाईन लावायचंही विसरशील. कोणता कोर्स करू? आणि अशा माणसाशी बोलायचं तरी काय?
— अधिपरिचारिका, जि. यवतमाळ

उत्तर : सिस्टर, आधी कायद्याचं सांगते, कारण ते आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आरोग्य परिचारिका कोणाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे. जनरल नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असली, तरी त्या व्याख्येत बसता येतं. मानसोपचार परिचर्येची पदविका किंवा पदवी हा त्यातला दुसरा रस्ता. म्हणजे तुमच्या जीएनएमवर दार बंद नाही. कोर्स करायचाच, त्याचं पुढे लिहिते. पण ॲडमिशन मिळेपर्यंत थांबू नका. हे काम तुमच्या वॉर्डातच पडलेलं आहे आणि रात्री दोन वाजता तिथे तुमच्याशिवाय ते बघायला कोणी नसतं.

रोज पिणारा माणूस विष घेऊन आला की आपलं सगळं लक्ष ॲट्रोपिनकडे, म्हणजे विषावरच्या उताऱ्याकडे. त्याची दारूही त्याच दिवशी तुटली आहे, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. आणि दुसऱ्या दिवसानंतर, चौथ्या दिवसापर्यंत कधीही, माणूस भ्रमात जाऊ शकतो. चादरीचा काठ चिमटीत धरून ओढत बसतो. भिंतीवर किडे चढताना दिसतात. आपण शेतातच आहोत असं समजून "बैल सुटले, धरा, धरा" म्हणत उठतो आणि सलाईन उपटून टाकतो. नातेवाईक हादरतात, कोणाला बाहेरचं वाटतं, कोणी म्हणतं विष डोक्यात चढलं.

असाच भ्रम ॲट्रोपिन जास्त झाल्यानंही होतो आणि इथे नर्सच्या हाताला किंमत आहे. पेशंटच्या काखेत हात घालून पाहा. काख कोरडी, अंग तापलेलं, पोटाचे आवाज मंद, लघवी तुंबून ओटीपोट फुगलेलं, असं असेल तर संशय ॲट्रोपिनचा. काख घामानं ओली आणि दोन्ही हात पुढे करायला लावल्यावर बोटं थरथरत असतील तर दारू तुटल्याचा. कधी दोन्ही एकात एक मिसळलेलं असतं. जे दिसलं ते वेळ टाकून केसपेपरवर लिहा आणि मेडिकल ऑफिसरना उठवा, संकोच करू नका. दारू तुटल्याच्या भ्रमाकडे दुर्लक्ष झालं तर माणूस दगावतो. आणि रोज पिणाऱ्याला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) गेलं का, एवढं विचाराच. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. ऑर्डरमध्ये ती ओळ राहून गेली असेल तर आठवण करून देणं आपलं काम आहे.

यासाठी भरतीच्या वेळीच विचारून ठेवावं लागतं. "दारू पिता का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "कधीमधी". त्याऐवजी बायको-भाऊ बाजूला गेल्यावर साध्या आवाजात विचारा, "भाऊ, शेवटची कधी घेतली? सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का? सोडली तेव्हा हात कापले होते का, फिट आली होती का?" माणूस खरं सांगतो, कारण विचारणाऱ्याला यातलं कळतं हे त्याच्या लक्षात येतं. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची सूची आहे, ती शिकून घ्या. आणि खर्राही, आपल्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण, विचारा. खर्रा खाणारा माणूस वॉर्डात दोन दिवस त्याशिवाय पडून राहिला की चिडचिडा होतो आणि आपण म्हणतो, पेशंट सहकार्य करत नाही.

आता त्या शेतकऱ्याचं. तुम्हाला बोलता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याला कर्जावर उपाय तुमच्याकडून नको होता. त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसायचं आणि सरळ विचारायचं, "अजून मरावंसं वाटतं का? कसं करायचं मनात आहे? औषधाचा डबा घरात कुठे आहे?" असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नवा विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं, म्हणून तो मोकळा होतो. मग बायकोला, भावाला बोलावून फवारणीच्या औषधाचं ठरवायचं. डबा घरातून निघालाच पाहिजे, कुलपात राहिला पाहिजे आणि किल्ली त्याच्याजवळ नको. आत्महत्येचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. आपल्या भागात समुपदेशनाच्या बरोबरीनं करायचं काम कोणतं असेल तर हेच, असं माझं ठाम मत आहे.

पोलिसांच्या धाकानं लोक "चुकून तोंडात गेलं" म्हणतात, त्यांनाही समजावून सांगा. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद होईल, पण त्याला गुन्हेगार ठरवण्यासाठी नव्हे. सुट्टीच्या कार्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. पुन्हा कधी यायचं ती तारीख गावच्या बाजाराच्या दिवसाची द्या. एरवी एक मजुरी बुडवून आणि एसटीचं भाडं खर्चून कोणी फक्त बोलायला येत नाही. बाजाराला आला की येतो. गावातल्या आशाताईंना सांगून ठेवा, पण पेशंटची परवानगी घेऊन.

गावात हे होत नाही, असं कोणी म्हणालं तर त्यांना अमरावती जिल्ह्यातलं विश्राम प्रकल्पाचं काम सांगा. ३० गावांत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी आणि समुपदेशकांनी घरोघरी जाऊन काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार-पाच होते, प्रकल्पानंतरच्या पाहणीत ते २७ झाले. डॉक्टर वाढले नव्हते, विचारणारी माणसं वाढली होती. दारूच्या बाबतीत तर देशाची स्थिती अजून बिकट आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजाराचे सुमारे ८६ टक्के लोक उपचाराविना आढळले. हे लोक आपल्या ओपीडीत येतात. ते पोट दुखतं म्हणून येतात, पडून लागलं म्हणून येतात.

कोर्सबद्दल. जीएनएमनंतर एक वर्षाची मानसोपचार परिचर्येची पोस्ट बेसिक पदविका आहे, इंडियन नर्सिंग कौन्सिलनं मान्य केलेली. नोंदणी झालेली असावी लागते आणि कामाचा अनुभव मागतात, तो तुमच्याकडे आहेच. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थान आणि तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बोरदोलोई संस्था ही त्यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. शिकवायला जायचं असेल, वर चढायचं असेल तर रस्ता लांब आहे : दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, त्यानंतर दोन वर्षांचं एमएस्सी, मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय घेऊन. ॲडमिशन घेण्याआधी त्या संस्थेची त्या वर्षाची मान्यता कौन्सिलच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एजंटच्या शब्दावर पैसे भरू नका.

पण मुलं शाळेत असताना वर्षभर बंगळुरूला राहणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून माझा सल्ला असा की पहिलं वर्ष घरी राहूनच शिका. निम्हान्सची डिजिटल अकादमी परिचारिकांसाठी दूरस्थ प्रशिक्षण देते, ते मोबाइलवरही होतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तुमच्या रुग्णालयात कोणत्या वारी येते ते बघून त्या दिवशी तुमची ड्यूटी ओपीडीला लावून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ केस कशी घेतात ते शेजारी बसून ऐकणं हे मोठं शिक्षण आहे. जमलं तर जवळच्या शहरात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची खुली सभा भरते, तिथे मागच्या खुर्चीत बसून या. ज्यांची सुटली आहे ती माणसं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पेशंटला "सुटू शकते" हे आपण मनापासून म्हणू शकत नाही. सेवेत कायम असाल तर अध्ययन रजेचा अर्ज लवकर टाका, या वाटेत सगळ्यांत जास्त वेळ त्या फाइलीला लागतो. कंत्राटी असाल तर नोकरी सोडण्याआधी घरच्या खर्चाचा हिशेब मांडून बसा.

आणि आयव्ही विसरण्याची काळजी सोडा. लिथियम या मानसोपचारातल्या औषधावर असलेला पेशंट मे महिन्यात तुमच्याकडे जुलाब-उलट्या घेऊन येईल. ४५ अंशांच्या उन्हात पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरतात, बोलणं अडखळतं, चाल झोकांड्या खाते आणि गाव म्हणतं, पिऊन आला. त्याच्या थैलीतल्या गोळ्यांचं पाकीट बघून लिथियम ओळखणारी, पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना कळवणारी आणि तातडीनं शीर शोधून सलाईन लावणारी नर्स सायकियाट्रीतलीच असते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकनंही लिथियम चढतं. मानसोपचाराच्या औषधांतल्या काहींनी घाम कमी होतो, उष्माघात लवकर होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे पेशंटच्या घरच्यांना मार्चपासूनच सांगायला हवं.

घरच्यांशी वाद घालू नका. नागपूरला गेलात की प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी नवऱ्याला एकदा दाखवा. तिथे रांगेत कॉलेजची मुलं दिसतील, बाळंतपणानंतर उदास झालेली सून आणि तिला घेऊन आलेली सासू दिसेल, झोप न येणारे शिक्षक दिसतील. तुमच्याच नात्यातलं कोणी त्या रांगेत दिसलं तर मला नवल वाटणार नाही.

प्रश्न : मी ब्रदर आहे, एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात नोकरीला आहे. अनुभव मिळेल म्हणून लागलो. इथे त्रास देणाऱ्या पेशंटला रात्री खाटेला बांधतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. काही पेशंटच्या बायकांना घरी भाजीत घालायला दारू सोडवायची गोळी कुटून देतात, पेशंटला सांगत नाहीत. मला हे पटत नाही, पण नोकरी गेली तर? व्यसनमुक्तीत पुढे करिअर आहे का?
— एक परिचारक, जि. बुलडाणा

उत्तर : भाऊ, तुम्हाला पटत नाही, यातच तुमची या कामाची लायकी दिसते.

गोळीचं आधी, कारण त्यात जीव जातो. ती गोळी बहुतेक डायसल्फिरामची असणार. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो, हृदय कमजोर असलेला माणूस मरूही शकतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणारच. हे औषध चांगलं आहे, पण पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, लिव्हर आणि हृदय तपासून, शेवटच्या दारूनंतर पुरेसा वेळ गेल्यावरच सुरू करायचं असतं. तुमच्या हातानं कोणाला कुटून देऊ नका. ज्या बायकांनी आधीच नेली आहे त्यांना त्यातला धोका सांगा, घाबरवून नव्हे, समजावून.

बांधण्याबद्दल वर सांगितलेला २०१७ चा कायदा स्पष्ट आहे. साखळीनं बांधायला कलम ९५ नं पूर्ण बंदी आहे. इतर शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा माणूस त्या क्षणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील आणि ती टाळायला दुसरा उपायच नसेल. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, कारण आणि वेळ केसपेपरवर लिहून. शिक्षा म्हणून कधीच नाही. दारूच्या आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे मानसिक आजार याच कायद्याखाली येतात, त्यामुळे "आम्ही व्यसनमुक्ती केंद्र आहोत, मनोरुग्णालय नाही" ही सबब चालत नाही. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, नंबर विचारा. नसेल तर तिथे एक दिवसही जास्त राहू नका. पाहिलं ते तारीख-वेळ टाकून स्वतःजवळ लिहून ठेवा, न केलेल्या तपासणीवर सही करू नका. पेशंट किंवा त्याचा माणूस मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करू शकतो, ती लिहायला त्यांना मदत करा. आणि रात्री बेफाम झालेला तो "त्रास देणारा पेशंट" कदाचित वर लिहिलेल्या भ्रमात असेल. त्याला दोरी नको, दवाखाना हवा. गाडी करून सिव्हिलला हलवायला लावा.

करिअर आहे आणि चांगलं आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांत, सरकारी रुग्णालयांच्या व्यसन उपचार कक्षांत नर्स लागतात. शिकायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण बघून या. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलेलं हे केंद्र मायेनंही शिस्त ठेवता येते हे दाखवतं. विदर्भात राहूनच काम करायचं असेल तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा मुक्तिपथ उपक्रम २०१६ पासून दारू आणि तंबाखूवर गावोगाव काम करतो आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून, आणि दोन्हीकडे पेशंट आहेत. बंदीनं दारू महाग होते, लांब जाते. पण ज्याचे सकाळी हात कापतात त्याला उपचार लागतोच. तुमच्यासारख्या पुरुष नर्सची गरज फार आहे, कारण पिणारा माणूस काही गोष्टी सिस्टरजवळ बोलत नाही, ब्रदरजवळ बोलतो.

एक मात्र आत्ताच मनाशी धरा. पेशंट पुन्हा प्यायला म्हणजे तो खोटा निघाला असं मानू नका. डायबेटीसवाल्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला हाकलत नाही. परत आला की नाव घेऊन बोलवा आणि यावेळी कुठे घसरला ते विचारा. वरातीत? पगाराच्या दिवशी? भांडणानंतर? पुढची योजना त्या उत्तरातून निघते.

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी नर्सिंगला आहे. पुढच्या महिन्यात तिची मनोरुग्णांच्या वॉर्डात पोस्टिंग लागणार आहे. तिची आई फार घाबरली आहे. सूट मागावी का?
— एक पालक, जि. वर्धा

उत्तर : काकाजी, सूट मागू नका. ही पोस्टिंग अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि मुली सोबतीनं, ट्यूटरच्या देखरेखीखाली जातात. मनोरुग्णांमधले फारच थोडे हिंसक असतात. मार खाणारे आणि हाकलले गेलेले त्याहून कितीतरी जास्त आहेत. मुलीला एवढंच सांगा : ओढणी पिनअप असावी, केस बांधलेले असावेत, आपण आणि दार यांच्यामध्ये पेशंट येईल असं अडकून उभं राहू नये, खासगी मोबाइल नंबर कोणाला देऊ नये आणि पेशंट जे सांगेल ते हॉस्टेलवर गप्पांत सांगू नये. पहिल्या दिवशी ती रडली तर रडू द्या. तिच्या आईला म्हणावं, संध्याकाळी फोनवर "घाबरलीस का?" विचारण्याऐवजी "आज कोणाशी बोललीस?" असं विचारा.